बाईंचा ताटवा

लडाखच्या वाळवंटात वसंतातली रानफुलं बघायला आलेली कराडची सातवी नलावडेबाईंच्या धाकाने चिडीचूप उभी होती. समोर नुसती वाळू. परतीची गाडी सुटायला आली, तसा बाईंचा चेहरा उतरला.

“पोरं एवढी गप्प का?” वाटाड्या दोर्जेने विचारलं. “इथे पेरलेलं रानफुलांचं हे प्रयोगशाळेतलं बी माणसाचा आवाज ऐकल्याशिवाय उगवतच नाही!”

बाईंनी मागे वळून पाहिलं. बडबडी शर्वरी ज्या वाटेने आली होती, तिथे जांभळ्या फुलांची रेघ उमटली होती. मध्येच एका जागी तर कमरेएवढा ताटवा डोलत होता. तिथेच बाई तिच्यावर कडाडल्या होत्या, “तोंडाला कुलूप लाव!”

बाई ओशाळल्या. शर्वरीने हळूच त्यांचा पदर ओढला. “बाई, गाडी सुटायच्या आत आमच्या सगळ्यांवर एकदा ओरडा ना!”