कासवाची सोय

सूर्यकांतरावांनी चिकपेटेच्या कानडी बाजारात पन्नास वर्षं साड्या विकल्या, त्यामुळे हिशेबातली चूक त्यांना लांबूनही दिसते. दर रविवारी ते मुलाला, शुभंकरला, प्राणिसंग्रहालयातलं महाकाय कासव दाखवायला आणत. आज शुभंकर कासवाला पाला भरवत होता, तेव्हा त्यांनी कीपरला गाठलं.

"कृष्णमूर्ती, याचं वय किती?"

"नव्वद, सर. अजून साठ-सत्तर वर्षं आरामात काढेल."

"आणि तुमचं?"

"एकोणसाठ. पुढच्या वर्षी रिटायर."

"मग तुमचा हिशेब पार चुकला की."

कृष्णमूर्ती हसला. "नाही चुकत. हा ओळखीच्याच हातचं खातो, म्हणून नवा माणूस आत्तापासून रोज माझ्याबरोबर येतो. मी जाईपर्यंत होईल स्वल्प सवय. मलाही माझ्या आधीच्यानं असंच लावून दिलं होतं."

"हा नवा माणूस नेमतं कोण?"

"सरकार नेमतं, सर."

"सरी, बरंय," म्हणत सूर्यकांतरावांनी रुमाल काढला आणि बेचाळीस वर्षांच्या शुभंकरच्या हनुवटीवरची लाळ पुसली.

"याची आई गेली, कृष्णमूर्ती. आता याला मी एकटाच."