तिथलं बोलणं

समुपदेशनाला आलेली हेमांगी मोबाइल विभावरीपुढे धरून म्हणाली, "ताई, हे मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं."

व्हिडिओत सुलक्षणाताई भाषण करत होत्या. एक नवरा बायकोवर वचक ठेवायला रोज काडेपेटीतल्या काड्या मोजून कामाला जातो, हे त्या रंगवून सांगत होत्या. नाव घेतलं नव्हतं, तरी हेमांगीच्या नणंदेने लगेच ओळखलं होतं. घरात कालपासून त्यावरून रणकंदन चाललं होतं.

विभावरी आणि सुलक्षणाताई धरून शहरातल्या आठ समुपदेशक मैत्रिणी दर महिन्याला भेटायच्या, अवघड केसेसबद्दल बोलून एकमेकींना आधार द्यायच्या. तिथलं बोलणं तिथेच ठेवायचं, हा नियम सुलक्षणाताईंनीच घातला होता. विभावरी तर त्यांच्याच हाताखाली शिकलेली.

तिने बाहेरच्या खोलीत जाऊन त्यांना फोन लावला.

"अगं, नाव कुठे घेतलं मी?" त्या म्हणाल्या. "बायकांच्या भल्यासाठीच सांगितलं ना? तू तिला सांग, योगायोग आहे. आपणच एकमेकींना सांभाळून घ्यायला नको का?"

विभावरीने फोन ठेवला.

ती आत आली, तेव्हा हेमांगी आशेने तिच्याकडे बघत होती. "त्या दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत असतील ना, ताई?"

"नाही," विभावरी म्हणाली. "तुमच्याबद्दलच. मीच त्यांना सांगितलं होतं, तुम्हाला न विचारता. चूक माझी आहे."

हेमांगी पर्स उचलून उठली.

"मग आता हे मी कुणाला सांगू?" तिने विचारलं, आणि उत्तरासाठी थांबली नाही.