तीस ठोके

भाच्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं त्या वर्षी, पाहुणे परतल्यावर तिसऱ्या दिवशी, आत्या घड्याळाच्या दुकानाच्या सहाव्या पायरीवर दम खात उभी होती. भाचा एका हाताने तिला आणि दुसऱ्या हाताने तिची पिशवी सावरत होता.

“उद्या आलो असतो तर काय बिघडलं असतं?” तो म्हणाला.

“उद्याचा भरवसा डॉक्टरने दिलाय का मला? चढ.”

डॉक्टरने खरंच दिला नव्हता. आत्याचं हृदय थकलं होतं. भाचा रोज सकाळी आधी तिच्या खोलीत डोकावायचा, मगच तोंड धुवायचा. आई गेल्यावर दोघा भावंडांना आत्यानेच वाढवलं होतं, तेही वॉर्डातली ड्यूटी सांभाळून. तिच्या हातात काहीतरी चांगलं घालायचं, आणि तिच्या डोळ्यांदेखत घालायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

तिने घड्याळ मागितलं. जुन्या वळणाचं, पण रोज वापरता येईल असं. बाजूला दोन बटणं, सेकंदाचा काटा हवा तेव्हा सोडता-थांबवता येणारा, आणि तबकडीच्या कडेला नाडीचे आकडे छापलेले. नवी नर्स असताना मेट्रनच्या मनगटावर तिने तसं पाहिलं होतं. “तीस ठोके मोजायचे, बटण दाबायचं, काटा थांबेल तो आकडा वाचायचा. गणित नको,” ती सांगायची. निवृत्तीला सतरा वर्षं झाली तरी गल्लीतली माणसं अजून तिच्यापुढे हात करायची.

दुकानदार स्वतः कारागीर होता. भाच्याने बेताची रक्कम सांगितली तेव्हा त्याने नाक मुरडलं नाही. मखमलीच्या तुकड्यावर तीन घड्याळं मांडली.

“खरी जुनी या पैशांत घेऊ नका, बाई. वरून नवरी, आतून म्हातारी. ही नवी आहेत, फक्त चेहरा जुना.”

“माझं त्या जुन्यांच्या नेमकं उलट आहे,” आत्या म्हणाली. दुकानदार हसला.

पहिल्याची तबकडी सायीच्या रंगाची होती. काच किंचित फुगीर, काटे निळे. आत्याने ते कानाला लावलं, बटण दाबून पाहिलं. खटका स्वच्छ होता.

“साबणाचं पाणी चालेल? मी दिवसातून दहा वेळा हात धुते.”

“घड्याळाला चालेल. चामड्याला नाही. कापडी पट्टा लावून देतो.”

“हात दे रे,” ती भाच्याला म्हणाली.

“मला कशाला? डॉक्टर, नाडी असलं काही म्हटलं की मी पळतो, ठाऊक आहे ना?”

“तुला नाही, घड्याळ तपासतेय.”

त्याने डावा हात पुढे केला. करताना खांदा जरा चोळला. पाहुण्यांच्या गाद्या उचलून अवघडला होता. आत्याने तीन बोटं टेकवली, ओठ हलवत मोजलं, काटा थांबवला. मग पुन्हा मोजलं.

“हे नको. एकदा एकशे दहा दाखवतंय, एकदा सत्तर.”

दुसरं काळ्या तबकडीचं, देखणं होतं. त्याच्यावरही तिने भाच्याचीच नाडी मोजली. “हेही अडखळतंय.”

दुकानदाराला ते लागलं. त्याने दोन्ही घड्याळं चाल तपासायच्या आपल्या यंत्रावर ठेवली. कागदावर सरळ रेघ उमटली. “बाई, दिवसाला चार सेकंदांचाही फरक नाही. माझी घड्याळं चुकत नाहीत.”

“मग माझी बोटं चुकतात? बेचाळीस वर्षांत चुकली नाहीत ती?”

“वय होतं माणसाचं.”

भाच्याचा चेहरा उतरला. बोटांतलं बळ जाणं हे काही चांगलं लक्षण नव्हतं. “आत्या, बस तू. पाणी पी.”

ती बसली नाही. तिने तिसरं घड्याळ उचललं. पांढरं, साधं, चावीचं. “तुमचा हात द्या,” ती दुकानदाराला म्हणाली. मोजलं. चौऱ्याहत्तर. पुन्हा चौऱ्याहत्तर. मग तिने भाच्याचं मनगट धरलं. काटा थांबला. या वेळी तिने आकडा सांगितला नाही.

“फार सुंदर आहे. हेच द्या,” ती म्हणाली, आणि काउंटरला टेकली. “बाळा, मला दवाखान्यात ने. आत्ताच्या आत्ता. छातीत कसंतरी होतंय.”

भाचा पांढराफटक पडला. “थांब, स्कूटर काढतो.”

“स्कूटर नको, धक्के बसतात. टॅक्सी बोलवा हो.”

तो तिला उचलायला वाकला. “हात लावशील तर बघ! मी काय पोतं आहे? माझी मी उतरते. तूही सावकाश उतर, माझ्या बरोबरीने.”

टॅक्सीत तिने पिशवीतून एक गोळी काढली. “खांदा दुखतोय ना? ही चघळ.”

“माझं काय घेऊन बसलीस? तूच घे.”

“चघळ म्हटलं ना.”

त्याने चघळली. वाटभर तिने त्याचं मनगट सोडलं नाही. बिचारी घाबरली आहे, असं वाटून तो तिला धीर देत राहिला. “काही होत नाही, आत्या. मी आहे ना.”

“आहेस, आहेस,” ती म्हणत होती. तिची नजर घड्याळावर होती.

दवाखान्याच्या दारात चाकांची खुर्ची आली. भाच्याने ती तिच्यापुढे ओढली. ड्यूटीवरच्या नर्सने विचारलं, “काय होतंय, आजी?”

आत्या ताठ उभी राहिली. “मला काही होत नाहीये. याला बसवा,” ती वॉर्डातल्या आवाजात म्हणाली. “नाडी सुटतेय, डावा खांदा सकाळपासून दुखतोय, ॲस्पिरिन वीस मिनिटांपूर्वी दिली आहे.”

आत्या वारली ती त्यानंतर नऊ वर्षांनी, मार्चमधल्या एका सकाळी सात वाजता. भाचा उशाशी बसला होता.