कोपऱ्यातलं शिंग

"मीच घेतली अंगठी," ती म्हणाली. "विकून टाकली."

नणंदेने चहाचा कप खाली ठेवला. आईची अंगठी हरवून सहा महिने झाले होते. हे एक वाक्य ऐकायला मिळालं नाही म्हणून तिने धाकट्या भावाला आणि भावजयीला घराबाहेर काढलं होतं.

"झालं तर मग. विषय संपला," नणंद म्हणाली. "वरची खोली झाडून ठेवलीय."

भावजयीने मान डोलावली. न केलेली चोरी कबूल करणं सोपं नव्हतं. नवरा दोन आठवडे मागे लागला होता. "एकदा हो म्हण आणि मोकळी हो. बाळाला काय गॅरेजवरच्या त्या ओल्या खोलीत वाढवायचंय? पुरलेली शिंगं काढायचे दिवस आलेत, ताईला एकटीला झेपायचं नाही." तिला सहावा महिना लागला होता. शेवटी ती हो म्हणाली.

नणंदेच्या शेतात खताची गोणी कधी आली नाही. थंडीच्या तोंडावर तिघं मिळून गाईच्या शिंगांत ताजं शेण ठासून भरत आणि ती शिंगं खड्ड्यात पुरत. ऊन तापू लागलं की उकरायची. आतलं काळं, मऊ खत चिमूटभर घेऊन बादलीभर कोमट पाण्यात तासभर ढवळायचं, आधी उजवीकडे, मग डावीकडे, आणि शेतभर शिंपडायचं. लोक नणंदेला शिंगवाली म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे, कारण सगळ्यांत मोठे भोपळे शिंगवालीचेच असत.

खड्ड्याशी पोचताच नवऱ्याने कुदळ हातात घेतली.

"तू वाकू नकोस. या कोपऱ्यातली मी काढतो. तू नुसती मोज."

"बायकोची काय काळजी!" नणंद म्हणाली. "एरवी स्वतःची चप्पल सापडत नाही याला."

तिला हसू आलं. कितीतरी दिवसांनी या अंगणात ती हसत होती. नवऱ्याने जुना, कामाचा शर्ट घातला होता. खिशाच्या जागी नुसते दोरे लोंबत होते. काडेपेटी भिजते म्हणून तिनेच आपल्या जुन्या रेनकोटचा खिसा लावून दिला होता, निळ्यावर पांढरे ठिपके. तेव्हा दोघींनी त्याला विदूषक म्हणून चिडवलं होतं. पुढे तो खिळ्याला अडकून फाटला म्हणे.

"नवा खिसा लावून देते," ती म्हणाली.

"कशाला? असू दे असाच."

तेवढ्यात नणंदेने त्याला पाण्याची बादली आणायला सांगितलं.

"हे आधी संपवतो, ताई."

"आणि पाणी गार झालं की परत तापवायला कोण बसणार? जा!"

तो गेला. कोपऱ्यात तीनच शिंगं उरली होती. तेवढ्यासाठी त्याला कशाला खोळंबायला लावायचं, म्हणून ती हळूच गुडघ्यांवर बसली आणि हातानेच माती बाजूला केली.

"राहू दे ते!" तो दारातून ओरडला. "मी आलोच!"

"किती जीव खालीवर होतोय बघ त्याचा," नणंद हसली.

तिने पहिलं शिंग फळीवर आपटलं. खताचा गोळा पडून फुटला आणि त्यात काहीतरी चमकलं.

नणंदेने झडप घातली. पदराने पुसलं. आईची अंगठी!

"अगं बाई! मला वाटलं फळीवर काढून ठेवली. शेण भरताना बोटातूनच निसटली असणार!" तिने भावजयीचे दोन्ही हात धरले. तिला रडू आवरेना. "आणि मी तुला चोर ठरवलं. आत्ता, घरात, तुझ्या तोंडून वदवून घेतलं. का गं हो म्हणालीस?"

तिलाही रडू फुटलं. सहा महिन्यांचं ओझं एका क्षणात उतरलं होतं. नवरा बादली घेऊन वाटेतच थांबला होता.

"अहो, सापडली!" तिने हाक मारली.

तो जागचा हलला नाही.

काम अर्धवट टाकायची तिला सवय नव्हती. डोळे पुसत तिने शिंगात काडी घातली आणि टोकाशी अडकलेलं उरलंसुरलं खत ओढून काढलं. काडीला एक चुरगळलेलं कापड लागून आलं, अंगठी गुंडाळल्याचा गोल वळ अजून तसाच असलेलं. सहा महिन्यांत शेणाची माती झाली होती, पण ते कुजलं नव्हतं. तिने अंगठ्याने ते पुसलं.

निळ्यावर पांढरे ठिपके होते.