फोटोत नसलेली मीना

सोलापुरात दुष्काळाचं संग्रहालय उघडल्यावर ते सांभाळणारा सतीश वर्षभर माश्या मारत बसला होता. मग तिथल्या बहात्तर सालच्या एका फोटोवर कुणीतरी रील केलं, 'या माउलीच्या डोळ्यांतलं पाणी बघा', आणि दर रविवारी दारात रांग लागू लागली.

अशाच एका रविवारी मंद्रूपची ऋतुजा आपल्या आज्जीला घेऊन आली. आज्जीने फोटोखालची पाटी एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचली : भुकेने रडणारी अज्ञात स्त्री.

"आगं, ही तर मीच की! वच्छला!"

भोवतीचे मोबाइल भराभर वर झाले.

"उपाशी व्हते, ते खरं हाय. पण रडतंय कोण? फोटोवाला म्हणतोय हलू नका, आन् त्याच्या पाठीमागं माझ्यासंगं खडी फोडणारी आमची मीना मुकादमावानी पोट काढून चालून दाखवतीया. हसू दाबून दाबून डोळ्याला पाणी आलं!"

सतीशचा चेहरा पडला. "आज्जी, हे बाहेर सांगू नका. लोक इथं रडायला येतात. उद्या कोण फिरकणार?"

"मीना गेली, बाबा. तिचं नाव कुटंच न्हाय. मी तर सांगणार."

ऋतुजाने आज्जीच्या या सांगण्याचंच रील टाकलं.

पुढच्या रविवारी सतीशने भीतभीतच दार उघडलं. रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. जो तो फोटोसमोर उभा राहायचा, वच्छलाच्या डोळ्यांत बघायचा आणि हसत हसत मागं वळून बघायचा.