पुढचं दार

बर्नाडेटने वरच्या खिडकीतून बादली उपडी केली, तेव्हा लाल केसांची ती बाई पायरीवर फुलांचा गुच्छ धरून उभी होती.

"बर्नाडेट रोझ वोयचिक?" एवढंच तिने विचारलं होतं.

"मेली ती! फुलं थडग्यावर नेऊन ठेव!"

लादी पुसलेलं पाणी होतं. बफेलो शहराच्या थंडीत ती बाई लटलट कापत गाडीत जाऊन बसली. फुलं मात्र बरोबर घेऊन गेली. उद्या आणखी कुणाच्या तरी दारात चालली असती.

खिडक्या बनवायचा कारखाना बंद पडला आणि बर्नाडेट घरी बसली. तेव्हापासून घर क्रेडिट कार्डावर चाललं. गॅस, किराणा, गाडीचे टायर, नवऱ्याचे दात. मग तेही थकलं. बँकेने तिची थकबाकी रद्दीसारखी विकून टाकली आणि जिचं नाव जन्मात ऐकलं नव्हतं अशा कंपनीने तिच्यावर दावा ठोकला. तोही तिला कळला कसा, तर वकिलांच्या जाहिराती टपालाने यायला लागल्या तेव्हा. घराला आग लागलीय हे बादल्या विकणाऱ्याने येऊन सांगावं, तशातली गत.

शेजारच्या गॅफनीबाईंनी कानमंत्र दिला होता. त्यांच्यावरही असाच दावा होता. "जो तुझं पूर्ण नाव घेईल, तो कोर्टाचे कागद द्यायला आलेला. हातात कागद पडला नाही, की खटला उभाच राहत नाही."

तेव्हापासून पुढचं दार बंद. जाणंयेणं मागच्या, स्वयंपाकघराच्या दाराने.

संध्याकाळी तिचा नवरा कॅझ त्याच दाराने आत आला. बूट आपटून त्याने बर्फ झाडला. नाताळानंतर त्याला काम मिळालं होतं, गावभर घरपोच द्यायचं. ज्याचं त्याच्या हातात पडलं, तरच पैसे. आज त्याच्या शर्टावर हा एवढा तपकिरी डाग होता.

"हे काय रे?"

"कॉफी. गिऱ्हाईक तापलेलं होतं."

"दारात आलेल्या माणसावर कॉफी ओततात? काय एकेक नग असतात!" बर्नाडेट म्हणाली आणि दुसऱ्याच दमात तिने बादलीची गोष्ट रंगवून सांगितली.

कॅझ हसला नाही. "बाहेर उणे दहा आहे, बर्नी. तिलाही कागद हातात पडला तरच पैसे मिळत असतील."

"तू नक्की कुणाच्या बाजूचा?"

"तुझ्याच. म्हणून म्हणतो, कोर्टात उभी राहा. पुरावा माग. निम्म्या वेळा या कंपन्यांकडे कर्जाचे धड कागदच नसतात. समोर माणूस दिसला की पळ काढतात."

"आणि न्यायाधीशाला काय सांगू? बाई बेकार आहे, नवऱ्याचे दात उधारीवर बसवलेत?"

"सांग की. खोटं काय त्यात?"

"नाव माझं जाणार, कॅझ! तुझं काय जातंय?"

"बँकेतलं खातं दोघांचं आहे," तो म्हणाला.

तिने कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा त्याच्या ताटात असा वाढला की रस टेबलभर उडाला.

टेबल पुसून झालं. मग कॅझ म्हणाला, "आमच्याकडे एक जण आहे. दार उघडलं नाही की पुन्हा फिरकत नाही. सरळ गटारात टाकतो आणि 'पोचलं' म्हणून सही ठोकतो."

"आणि तुझा साहेब?"

"साहेबाला सहीशी मतलब."

"म्हणजे लोक बसतात वाट बघत!"

"नाही गं. लोकांना पत्ताच नसतो."

त्याच आठवड्यात गॅफनीबाई मागच्या दाराने आल्या त्या धावतच. दुकानात कार्ड चाललं नाही म्हणून त्या बँकेत गेल्या, तर खातं गोठवलेलं. कोर्टात हजर राहिल्या नाहीत म्हणून निकाल त्यांच्याविरुद्ध लागून मोकळा झाला होता.

"कागद आलाच नाही गं! दार उघडलंच नाही मी! आणि ते म्हणतात, माझ्या हातात दिला!"

बर्नाडेटच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग नेमका कुणावर काढावा, तेच कळेना. संध्याकाळी तो कॅझवर निघाला. "चोर आहेत सगळे! ती लालकेशी पुन्हा दारात दिसू दे, आता बादलीसकट फेकते!"

कॅझने ताट बाजूला सारलं. "ती नाही यायची."

"हरली ना? बघ!"

"हरली कसली. सोडलं असेल तिने. ते काम दुसऱ्याकडे जाईल आता."

"येऊ दे दुसऱ्याला. बादली आहे."

कॅझ टेबलावरून उठला. "इतकं सांगून ऐकत नाहीस, बर्नी. तुझा असा राग येतो ना कधी कधी."

"मग येऊ दे की! मला काय तुझ्यावर प्रेमाचे कढ येतायत?"

दुसऱ्या दिवशी दुपारी पुढच्या दाराची घंटी वाजली.

बर्नाडेटने नळाखाली बादली भरली, जिना चढली, खिडकी वर केली. खाली कॅझची टोपी. टोपीवर बर्फ.

"किल्ली विसरलास ना, धांदरटा? मागून ये!"

"पुढचं उघड, बर्नी."

"अरे, पण..."

"उघड."

तिने बादली खाली ठेवली आणि स्वतःशी हसत, त्याला शिव्या घालत जिना उतरली. इतक्या दिवसांत कडी गोठून बसली होती. दोन्ही हातांनी ओढावी लागली.

कॅझ पायरीवर उभा होता. त्याने टोपी काढली, केसांवरून हात फिरवला, कोटाच्या आत हात घातला. अनोळखी माणसाकडे बघावं तसं त्याने तिच्याकडे बघितलं.

"बर्नाडेट रोझ वोयचिक?" त्याने विचारलं.