बोटभर फट

आतच झोपायची सोय असलेली मोटारहोम गाडी घेतल्यापासून प्रत्येक सहलीत सासूबाईंचं एकच पालुपद. "जीव गुदमरतोय गं, खिडकी जराशी उघडी राहू दे." बाहेर कडाक्याची थंडी, आत हीटर चालू, आणि या बाई बोटभर फट ठेवून बसणार. मी दहादा लावली तरी त्या अकराव्यांदा उघडायच्या. नवरा म्हणायचा, "आईची नाटकं आहेत, तू मनावर घेऊ नकोस."

या वेळी मीच हट्टाला पेटले. त्यांना नणंदेकडे सोडलं आणि नवरा, लेक आणि मी असे आम्ही तिघंच निघालो. खिडक्या गच्च लावल्या, हीटर मोठा केला आणि दुपारी जेवून मस्त उबेत आडवे झालो.

नवरा आणि मी हॉस्पिटलात शुद्धीवर आलो. लेक अजून डोळे उघडत नाही. आज तिच्या खाटेशी बसले असताना गॅरेजवाल्याचा फोन आला.

"वहिनी, हीटरचा विषारी गॅस बाहेर सोडणारा पाइप गंजून फुटलाय. आजचा नाही, दोन वर्षं तरी झाली असतील. मग आधीच्या सहलींत तुम्ही वाचलात कसे?"